वाघाईच्या माळावरचे बूट

भाऊबीज नुकतीच होऊन गेली होती. पहाटे मी चुलीत काड्या घालत होते, तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. मागच्या दारानं माझ्याकडे कोणी येत नाही. दार उघडलं तर वच्छला उभी. तोंड इतकं सुजलेलं, की मी तिला आधी लुगड्यावरून ओळखलं. एका कानातून रक्त येऊन मानेवर वाळलं होतं. उजव्या हाताचा अंगठा तिनं चिंधीत गुंडाळून छातीशी धरला होता.

"सत्ते," ती म्हणाली, "मले ममतेकडं पोचवून दे. आजच्या आज."

"अमरनं मारलं?"

"दुसरा कोन हाये आता मारायले? पहिला तं मरून गेला."

पहिला म्हणजे तिचा नवरा, पुंडलिकराव. वच्छला पंधरा वर्षांची असताना लग्न होऊन आमच्या गावात आली, तेव्हापासून मी तिला ओळखते. मी तेव्हा मास्तरीण व्हायचं शिकत होते आणि सुटीत त्यांच्याच शेतात कापूस वेचायला जायचे. वेचता वेचता ही नवी नवरी माझ्या तासात सरकायची आणि पाठीवरचे वळ दाखवायची. नंतर तिची दोन्ही लेकरं, अमर आणि ममता, माझ्याच शाळेत शिकली. ममता नदीपलीकडे, तेलंगणात नांदते. अमर इथंच आहे.

मी तिला आत घेतलं, कोमट पाण्यात फडकं भिजवलं आणि पोलकं सोडून पाठ पुसायला लागले. पाठीवर निळे-काळे ठसे होते. काठीचे नव्हते. लहान लहान चांदण्या होत्या, ओळीनं, जणू कुणी छाप मारले होते.

"हे काय गं?"

"त्याचे नवे बूट. दिवायीले घेतले."

रस्त्यालगतचं शेत वच्छलाच्या नावावर आहे. अमरनं ते एका पेट्रोल पंपवाल्याला कबूल करून टाकलं होतं आणि दुसऱ्या दिवशी पांढरकवड्याला खरेदीखतावर तिचा अंगठा हवा होता. ती म्हणत होती, अर्धं ममताला दे, मग अंगठा घे. त्यावर त्यानं तिचा उजवा अंगठा दाराच्या फटीत धरून दार लोटलं होतं.

"डावा नाई ठेचला," ती म्हणाली. "म्हने, डावा उद्या लागनार हाये."

तक्रार याआधी एकदा झाली होती. गाडी आली, चहा झाला, गाडी गेली, आणि त्या रात्री वच्छलाच्या दोन बरगड्या मोडल्या. ममताच्या नवऱ्याचं डोकं अमरनं मागच्या पोळ्याला बैलगाडीच्या उभारीनं फोडलं होतं, तेव्हापासून त्यांच्यापैकी कोणी नदी ओलांडून इकडे येत नाही. मी ममताला फोन लावला. ती एवढंच म्हणाली, "बाई, मायले पुलाच्या या अंगाले आना. मी तेथं उभी राह्यतो. या अंगाले आली का मंग त्यानं हात लावून पाहावा."

फाट्यावरून एसटी मिळाली असती. पण फाट्यावर गोविंदाची पानटपरी, आणि गोविंदा म्हणजे अमरची सावली. तिथून माशी जरी गाडीत बसली तरी अमरला कळते. म्हणून मी डोंगराकडे पाहिलं. डोंगराच्या पलीकडून दुसरा रस्ता जातो. त्यावरून आदिलाबादची गाडी दिवसातून एखाददुसरी फेरी करते, मनात आलं तर.

"चढशीन?" मी विचारलं.

"तू चढशीन का ते सांग. तुह्या गुडघ्याले वाटी बसवाची होती ना?"

आम्ही उजाडायच्या आत निघालो. पिशवीत भाकरी, पाण्याची बाटली, हळद, आणि माझी सेफ्टी पिन.

हा डोंगर मला पाठ आहे. लहानपणी आईबरोबर मी इथं टेंभुरं आणि चारोळी वेचायला यायचे. आई पुढं, मी मागं, आणि आईच्या पाठीवर धाकटा. तेव्हा साग इतका दाट होता, की दुपारीसुद्धा वाटेवर ऊन पडत नसे. आता साग विरळ झाला आहे, घाणेरी वाढली आहे. तरी वळणं तीच. कुठं खडक हातानं धरायचा, कुठं पाय आडवा टाकायचा, हे माझ्या गुडघ्यांना अजून आठवत होतं, फक्त ते आता कुरकुरत होते. वच्छला माझ्या मागं दम खात येत होती. बरगडीवर हात दाबून एकदा ओकली. ओकारीत रक्त होतं. तिनं पायानं त्यावर माती लोटली, जशी मांजर लोटते.

चढ संपला की वाघाईचा माळ लागतो. लांबच लांब सपाटी, कमरेइतकं वाळलेलं गवत, मधोमध वाघाईचं शेंदरी ठाणं. माळाच्या तोंडाशी चार उभे दगड आहेत. त्या दगडांपाशी पायातलं काढून ठेवायचं आणि पुढं अनवाणी जायचं. हातातही न्यायचं नाही. पायात घालून गेला त्याला वाघ नेतो, असं सगळं गाव मानतं. टिपेश्वर अभयारण्यातले वाघ आता इकडेही फिरतात, त्यामुळे हल्लीची पोरं तर जास्तच मानतात.

वच्छलानं चपला काढल्या आणि दगडाशी नीट जोडून ठेवल्या. मी काढल्या नाहीत.

"काढ ना वं, सत्ते. आज तरी."

"नाही काढत."

"वाघाई पाह्यते."

"तिनं आधी पण पाहिलं आहे."

 वच्छलाला ठाऊक होतं.

माझे वडील नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, तेव्हा मी सहा वर्षांची होते. येताना त्यांनी स्वतःसाठी वहाणा आणल्या. आयुष्यातल्या पहिल्या. गावातून आम्ही पायात काही घालून जायचं नाही, अशी तोवरची रीत. एका बाजाराच्या दिवशी त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि वहाणा घालून या माळावर पाऊल टाकलं. याच दगडांपाशी माणसं उभी होती. सगळ्यांच्या पुढं भगवानराव, म्हणजे वच्छलाचा सासरा. त्यांनी मला खांद्यावरून उतरवून बाजूला ठेवलं, अगदी हळू, मला आठवतं, आणि मग वडिलांच्या पायातल्या वहाणा काढून त्यांनीच वडिलांना मारलं. तोंडावर. ओठ फाटून दात दिसायला लागले तरी मारत होते. एक डोळा त्या दिवशी गेला तो गेलाच. वहाणा त्यांनी पळसाच्या झाडाला टांगल्या. त्या कितीतरी पावसाळे तिथं लोंबत होत्या. टेंभुरं वेचायला आलो की आई मान खाली घालून त्या झाडाखालून जायची. मी मात्र वर पाहायचे.

वडील पुढं जन्मभर त्या माळावरून चप्पल घालूनच गेले. मीही.

मी वच्छलाच्या चपला उचलून माझ्या पिशवीत टाकल्या.

"अवं, नेऊ नोको!"

"मी नेते आहे. वाघ मला नेईल. परत कोण येणार आहे घ्यायला इथं?"

तिनं ठाण्याच्या दिशेनं हात जोडले आणि पुटपुटली, की ममताचं तोंड दिसेपर्यंत पायात काही घालणार नाही. मग आम्ही निघालो. पण कार्तिकातलं गवत म्हणजे नुसतं कुसळ. ते सुईसारखं घुसतं आणि आत सरकत जातं. थोडं चाललो आणि ती खाली बसली. गोखरूचा काटा टाचेत पार बुडालेला. वाटेच्या कडेला मोठ्या धोंड्या होत्या, त्यांच्या आड मी तिला ओढलं, पिन काढली आणि टाच कोरायला लागले.

तेव्हा खालून आवाज आला.

"बुढे! ओ बुढे! निंघ बाहेर!"

मी धोंडीच्या फटीतून पाहिलं. चढावरून अमर आणि गोविंदा वर येत होते; डोंगराकडे वळताना कोणीतरी आम्हाला पाहिलं असणार. अमरच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. ते दगडांपाशी आले आणि थांबले. गोविंदानं सँडल काढले. अमर तसाच पुढं निघाला.

"अबे, बूट काढ," गोविंदा म्हणाला.

"टाइम नाई यार."

"मंग तू जाय एकटा. मी नाई येत तुह्यासंगं. परवाच बकऱ्या नेल्या ना बे वाघानं."

अमरनं शिवी दिली. पण खाली बसला आणि नाड्या सोडायला लागला. काल आईच्या पाठीवर नाचलेले ते बूट त्यानं दगडापाशी ठेवले आणि कपाळाला हात लावून वाघाईला नमस्कार केला. वच्छला माझ्या खांद्यावरून हे पाहत होती. तिच्या घशातून कसलासा आवाज निघाला. मी तिच्या तोंडावर हात दाबला.

माळावर थोड्या अंतरावर प्रेमसिंग शेळ्या चारत होता. तांड्यावरचा म्हातारा. मघाशी आम्ही त्याच्या समोरूनच आलो होतो, त्यानं काठी वर करून रामराम केला होता.

"ओ बुढ्या, दोन म्हाताऱ्या दिसल्या?" अमरनं विचारलं.

"मले काय दिसते बापू? डोयात फूल पडलं माह्या."

अमरनं दांडा त्याच्या गुडघ्यावर मारला. हाडाचा आवाज आमच्यापर्यंत आला. म्हातारा बसला नाही, एकदम आडवा झाला.

"आता दिसते?"

"नाई दिसत."

एक करडू आईला शोधत अमरच्या पायापाशी आलं होतं. त्यानं दांडा फिरवला. करडाची मान बाजूला लोंबली आणि पाय थोडा वेळ नुसतेच पळत राहिले. शेळी ओरडायला लागली. वच्छला उठू पाहत होती. मी तिला सगळ्या वजनानिशी खाली दाबलं. तिनं माझ्या तळहाताला कडाडून चावा घेतला. मी हात काढला नाही.

"बोल बुढ्या, नाई तं पुढचा टोला तुह्या डोक्यावर."

प्रेमसिंगनं हात उचलला आणि बोट दाखवलं. सरळ ठाण्याच्या पलीकडे, माळाच्या दूरच्या टोकाकडे. "तिकडं. कवाच्याच गेल्या."

ते दोघं पळत सुटले. पळताना अमर दर चार पावलांवर लंगडत होता आणि आईबहिणीवरून शिव्या देत होता.

ते दिसेनासे झाल्यावर मी उठले आणि दगडांपाशी गेले. गोविंदाचे सँडल दरीत फेकले. अमरचा एक बूट फेकला. दुसरा हातात घेतला तेव्हा तळवा वर झाला. तळव्यावर चांदण्या होत्या, ओळीनं. तो मी फेकला नाही. पिशवीत टाकला, वच्छलाच्या चपलांवर.

प्रेमसिंगजवळ गेलो तर त्यानं हातानंच हाकललं. "जा वं बाई, जा. माहा पोरगा येते भाकर घेऊन." त्याचा पाय गुडघ्यापाशी भलतीकडेच वळला होता. माझ्याजवळची हळद आणि पाणी मी त्याच्यापाशी ठेवलं. दुसरं काही करता आलं नाही.

आम्ही माळाची वाट सोडून नाल्यात उतरलो. चारोळीवाल्या बायांची ती जुनी वाट. आता कोणी वापरत नाही. गोटे घसरत होते, वच्छला अनवाणी. चपला दाखवल्या की मान हलवायची. तिच्या पावलांचे लाल ठसे गोट्यांवर उमटत होते आणि मी मागून येताना ते माझ्या चपलेनं पुसत होते. दुपार कलंडली तेव्हा डांबरी रस्ता लागला.

रस्त्यावर आणखी एक बाई पोरगं घेऊन उभी होती. "आदिलाबादची गाडी?" मी विचारलं.

"येईन तं येईन. काल नोती आली."

एक गाडी आली, खचाखच. भाऊबीजेहून परतणाऱ्या बाया दारात लटकलेल्या. थांबली नाही. ऊन उतरायला लागलं. वच्छला रस्त्याकडेला बसून डोंगराकडे पाहत होती. अमर अनवाणी परत बूट शोधायला गेला असेल, मग अनवाणीच उतरून मोटरसायकलपाशी, मग डोंगराला वळसा घालून. मी मनात त्याची वाट मोजत होते आणि गाडीची वाट पाहत होते. दुसरी गाडी दिसली तेव्हा मी सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

ब्रेक करकचून लागले. ड्रायव्हरनं तेलुगूत मला काय म्हटलं ते मला कळलं नाही, तेच बरं. आम्ही तिघी चढलो.

कंडक्टर बाई होती, खाकी शर्ट, केसांत अबोली. "अम्मा, तेलंगाणा आधार है क्या? फिर लेडीज फ्री. नहीं तो टिकट लगता."

"महाराष्ट्राचं आहे."

"तो टिकट लगता," ती म्हणाली, आणि मग तिचं लक्ष वच्छलाच्या तोंडाकडे गेलं. "अरे अम्मा! गिर गये क्या?"

"हो. पोरावर," वच्छला म्हणाली. कंडक्टर बाईला काही कळलं नाही. जवळच्या एका बाईला कळलं. तिनं उठून जागा दिली.

नदी जवळ आली होती. पलीकडचे दिवे दिसायला लागले होते. तेवढ्यात मागून हॉर्न आला, मोटरसायकल गाडीला घासून पुढं गेली आणि रस्त्यावर आडवी झाली. बस थांबली. अमर चढला. हातात तोच दांडा. पाय टाचेपासून बोटांपर्यंत रक्तानं आणि धुळीनं काळे, आणि पिंडऱ्यांत कुसळं अशी घुसलेली, की पाय केसाळ दिसत होते.

"माही माय हाये," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "डोक्यानं गेली हाये. घरून पयून आली. हे मास्तरीनबाई तिले फितवून राह्यली. चाल, माय, घरी चाल."

आणि कुणाला पटलंसुद्धा. मागून एक माणूस म्हणाला, "जा ना आजी घरी. पोरगा न्यायले आला ना." दुसरा म्हणाला, "पाय पाहा त्याचे. आईसाठी अनवाणी धावला बिचारा."

अमरनं वच्छलाचे केस धरले आणि उठवलं. ती ओरडली नाही. मी मध्ये हात घातला. त्यानं न पाहता दांडा फिरवला. माझं मनगट कटकन वाजलं. थोडा वेळ मला काहीच दिसेना. मग डाव्या हातानं मी पिशवीतून बूट काढला आणि कंडक्टर बाईच्या हातात दिला, तळवा वर करून. मग वच्छलाचा पाठीवरचा पदर ओढला.

पोलक्याच्या मागच्या गळ्यातून चांदण्या दिसत होत्या. कंडक्टर बाईनं एकदा बुटाकडे पाहिलं, एकदा पाठीकडे. तिनं बूट पाठीजवळ धरला.  मागं त्या बाईचं पोरगं रडत होतं.

"तेरा है?" तिनं अमरच्या उघड्या पायांकडे पाहून विचारलं.

"घरची गोठ हाये. तू तुही तिकिटं फाड," अमर म्हणाला, आणि त्यानं आईला दाराकडे खेचलं.

तेव्हा वच्छलानं कंडक्टर बाईच्या हातातला बूट घेतला. ठेचलेल्या अंगठ्याच्याच हातानं. आणि अमरच्या तोंडावर मारला. एकदा. त्यानं केस सोडले आणि नुसता तिच्याकडे पाहत राहिला. पन्नाशीला आलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर शाळेत चूक सापडलेल्या पोराचं तोंड उमटलं. तिनं पुन्हा मारला. नाक फुटलं. "वाघाईले भेतोस," ती म्हणाली, "तिच्यापुढं बूट काढतोस. अन् मायच्या पाठीवर..."  ती मारत राहिली.

माझ्या कानात माझ्या बापाच्या तोंडावर पडणाऱ्या वहाणांचा आवाज होता. तो मी विसरले नव्हते. तोच आवाज.

मग बाकीचे उठले. मघाशी "जा ना आजी" म्हणणारा सगळ्यांच्या आधी. त्यांनी अमरला दारातून खाली ओढलं. त्याचाच दांडा कोणीतरी त्याच्यावर चालवला. कोणी बूट घातलेल्या पायानं त्याचे अनवाणी पाय तुडवले. गोविंदा मोटरसायकल तिथंच टाकून शेतातून पळाला. अमर गुरासारखा ओरडत होता. आणि खिडकीतून वच्छला ओरडत होती, "बस करा! बस करा रे! काटे हायेत त्याच्या पायात!"

ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. माणसं एकेक करून परत चढली, कुणाच्या बाहीवर रक्त, कुणी धापा टाकत. मोटरसायकल बाजूला लोटली होती. गाडी निघाली. मी मागे पाहिलं. अमर रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून पायातलं काहीतरी उपटत होता.

गाडी पुलावर चढली. खाली पैनगंगा, कार्तिकातली, अर्धी वाळू. वच्छलाच्या मांडीवर बूट होता आणि ती त्याची नाडी बोटाला गुंडाळत होती.

"दुसरा कुठं फेकला?" तिनं विचारलं.

"दरीत. दगडांच्या खाली."

"सापडंन का?"

"सापडेल, उतरला तर."

तिनं बोटाची नाडी सोडली. "मंग गावात गेलीस का सांगून देशीन त्याले. अन् हा बी नेऊन देशीन. नवेच हायेत वं."

मी तिच्याकडे पाहिलं. माझं मनगट सुजून चाललं होतं आणि तळहातावर तिच्याच दातांचे वळ होते. मला तो पळस आठवला. माझ्या आईला कोणी सांगायला आलं नव्हतं, की वहाणा तिथं आहेत, काढून घेऊन जा.

"मी नाही नेणार, वच्छे," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, जणू तिलाही ते ठाऊकच होतं. बूट मात्र तिनं खाली ठेवला नाही.

पुलाच्या टोकाला एक बाई हात वर करून उभी होती. ममता. कंडक्टर बाईनं घंटी वाजवली. मी डाव्या हातानं पिशवीतून वच्छलाच्या चपला काढल्या आणि तिच्या रक्ताळलेल्या पायांपुढं सरळ जोडून ठेवल्या.

"आधी ह्या घाल," मी म्हणाले. "दिसली ममता."